घोट्याची पकड

बुद्धभूषण गजभियेचं नाव नागपुरात, इंदोऱ्याच्या मैदानावर, अजून निघतं म्हणे. कौतुकानं निघत नाही. जिल्ह्याच्या एका कबड्डी सामन्यात त्यानं समोरच्या संघातल्या पोराला कमरेत धरून असं आदळलं होतं, की त्या पोराचं खांद्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज कडेला बसलेल्या बायकांनाही ऐकू गेला. पंचानं शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले, पण भूषणचे हात सुटेनात. शेवटी त्याच्याच संघातल्या पोरांनी त्याची बोटं एकेक करून उकलली. कारण काय, तर त्या पोरानं मध्यरेषेवर कानाशी येऊन एक शब्द उच्चारला होता. कुठला, ते सांगत बसत नाही. ज्यांना तो ऐकून घ्यावा लागतो त्यांना माहीत आहे, आणि जे म्हणतात त्यांना तर चांगलाच माहीत आहे.

त्याच्याही आधीची गोष्ट घरातली. बाप पिऊन यायचा आणि गिरजाबाईला, म्हणजे भूषणच्या आईला, हाताला लागेल त्यानं झोडपायचा. कधी पट्टा, कधी चप्पल, एकदा तर सायकलचा पंप. भूषण दहावीत होता तेव्हा एका संध्याकाळी त्यानं बापाच्या हातातला पट्टा हिसकला आणि बापालाच इतकं बडवलं, की तो उंबऱ्यावर आडवा झाला आणि त्याच्या तोंडातून रक्ताची धार लागली. मैत्री, भूषणची धाकटी बहीण, तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांची. पलंगाखाली बसून तिनं सगळं बघितलं. त्या दिवसापासून घरातला मार बंद झाला, हे खरं. पण रोज दादाच्या ताटात जेवणारी ही पोरगी नंतर कितीतरी दिवस आईच्या पदराआडून त्याच्याकडे बघत राहायची. ताटाजवळ येईना. भूषणला वाटलं, बापाची भीती बसली पोरीच्या मनात. पोरगं ते, त्याला काय कळणार!

हाड मोडल्याच्या प्रकरणानंतर गिरजाबाईनं त्याला दंडाला धरून सरकारी इस्पितळात नेलं आणि त्या पोराच्या खाटेशी दिवसभर बसवून ठेवलं. "पाहून घे," एवढंच म्हणाली. पोरगं कण्हत होतं आणि त्याची आई याच्याकडे बघतही नव्हती. भूषणनं त्यानंतर मैदानात पाय ठेवला नाही.

आता अमेरिकेत, श्रूजबरीत, त्याला बघाल तर तुम्हाला यातलं काही खरं वाटायचं नाही. चाळिशी ओलांडलेला, चष्म्याचा, पोट सुटलेला गृहस्थ. वैद्यकीय उपकरणांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बुद्धवंदना असते, तिथं सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंज्या घालतो. बायको उपासना नर्स, मुलगी अनया शाळेत. रस्त्यात कुणी गाडी आडवी घातली तरी तो हॉर्न वाजवत नाही, स्टिअरिंग मात्र असं धरतो की उपासना म्हणते, "अहो, ते तुटेल." वीस वर्षांत त्यानं कुणावर बोट उगारलेलं नाही. पण राग गेला असं समजू नका हं. राग कुठं जात नाही. तो हातात येऊन बसतो आणि वाट बघतो.

मैत्री शिकायला आली ती याच्याच भरवशावर. एम.एस. केलं, एका लॅबमध्ये नोकरी धरली आणि परीक्षितशी लग्न केलं. परीक्षित पुण्याचा, मोठ्या घरचा, दिसायला राजबिंडा. गजभियांची मुलगी करून घेतली म्हणून श्रूजबरीच्या मंडळींनी त्याला डोक्यावर घेतला होता, आणि खरं सांगायचं तर भूषणनंही. पोरगा होताच तसा. पार्टीला आला की आधी किचनमध्ये शिरून भांडी घासायला लागणार. कुणा काकूंच्या गाडीचं टायर बदलणार. पोरांना खांद्यावर बसवून घरभर नाचणार. गिरजाबाईला दर रविवारी नागपुरात न चुकता फोन, "आई, गोळ्या घेतल्या का?" बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणायच्या, "शिका जरा परीक्षितकडून."

या मंडळींची दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लाँग वीकेंडला एक ट्रिप असते. न्यू इंग्लंडमध्ये राहतो तर न्यू इंग्लंड बघायला नको का, हा प्रतिमाकाकूंचा हट्ट. प्रतिमाकाकू म्हणजे साठीच्या, निवृत्त शिक्षिका, या सगळ्या गोतावळ्याच्या हेडमास्तरीण. घर त्या बुक करणार, कुणी काय करून आणायचं ते त्या ठरवणार, शिट्टी त्यांच्या गळ्यात. आणि निघायच्या आदल्या दिवशी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर कबड्डी, हा त्यांचाच नेम. त्यात एक नियम असा की नवरा एका संघात तर बायको दुसऱ्या. "वर्षभर घरात भांडता ना? इथं एकदाच काय ते भांडून घ्या," असं त्या म्हणायच्या आणि सगळे खो खो हसायचे. आपल्या लोकांना या विनोदाचा कधी कंटाळा येत नाही.

या वर्षी मेन राज्यात समुद्रकिनाऱ्यावर घर घेतलं होतं. शनिवारी सकाळी सगळी वरात आतल्या भागात सफरचंदांच्या बागेत गेली. दगडी कुंपणांची शेतं, लाल कोठारं, फोटोंना ऊत. परीक्षित अनयाला खांद्यावर घेऊन हिंडत होता. भूषण बहिणीच्या मागं पिशवी धरून उभा होता. मैत्रीनं वरच्या फांदीकडे उजवा हात नेला आणि मध्येच खाली घेतला. मग डाव्या हातानं ते सफरचंद तोडलं. थोड्या वेळानं तिला शिंक आली, तेव्हा तिनं कोपर बरगडीवर गच्च दाबलं आणि ओठ मिटून ती शिंक आतल्या आत जिरवली.

भूषणनं पिशवी खाली ठेवली. असल्या बरगड्या त्यानं मैदानात ढिगानं बघितल्या होत्या. दोन स्वतःच्याही.

"काय झालं गं तिथं?"

"बाथरूममध्ये घसरली."

"घसरून तिथं लागत नाही, मैत्री."

ती सफरचंद पुसत राहिली. "दादा, इथं नको. उद्या सांगते. आज हसून राहा, तो पाहून राहिला."

भूषणनं मान वळवली. झाडांच्या रांगेपलीकडून परीक्षित खरंच बघत होता. त्यानं हात हलवला आणि अनयालाही हलवायला लावला.

संध्याकाळी लॉबस्टर. लांब लाकडी टेबल, वर कागद अंथरलेला, आणि लालभडक जनावरांचे ढीग. बायकापोरांना ती कवचं फुटेनात, तेव्हा परीक्षितनं बाह्या सरसावल्या. अडकित्ता नको की काही नको, नुसत्या हातानं नांग्या पिळून कडाकड मोडत आणि आतलं मांस ज्याच्या त्याच्या ताटात ठेवत तो टेबलाभोवती फिरला. मैत्रीजवळ आल्यावर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या राणीला मोठ्ठा तुकडा!" तिचे खांदे कानापर्यंत चढले. कुणाला दिसलं नाही. दिसलं असतं तरी थंडी वाजली असं म्हणाले असते. प्रतिमाकाकू म्हणाल्या, "गिरजाबाईंनी काय पुण्य केलं होतं, असा जावई मिळाला!" भूषणनं दोन्ही हात टेबलाखाली मांड्यांमध्ये दाबून धरले होते. त्या रात्री तो जेवलाच नाही. उपासनानं विचारलं तर म्हणाला, माशाचा वास नको वाटतो.

रविवारी सकाळी सगळे दीपगृह बघायला गेले. मैत्री भावाला कठड्याच्या टोकाला घेऊन गेली. खाली लाटा खडकांवर आपटत होत्या. तिथलं बोलणं दोन हातांवरच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं.

"मारते का तो तुला?"

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून. तोंडाला कधी हात नाही लावत. तोंड लोकांना दिसते ना."

तिनं सगळं सांगितलं. उशी तोंडावर दाबून ठेवतो ते. गॅरेजमध्ये, गाडीच्या आवाजात मारतो ते. एकदा शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, तेव्हा यानं दारात उभं राहून असं काही हसून बोलणं केलं की ते बिचारे सॉरी म्हणून गेले. प्रतिमाकाकूंपाशी एकदा धीर करून बोलली होती, तर त्या म्हणाल्या, "अगं, परीक्षित? काहीतरीच काय! तुला थकवा आलाय. रजा घे." आणि काळजीपोटी त्यांनी हे परीक्षितच्याच कानावर घातलं. बरगडी मोडली ती त्या रात्री.

"आईला?"

"आईला काय सांगू? तिला वाटते, तिच्या नशिबी होतं त्यातून मी सुटली."

भूषणला पुढचं ऐकू येईना. परीक्षित लांब पायऱ्यांवर उभा राहून सगळ्यांचे फोटो काढत होता. मधलं अंतर भूषणनं डोळ्यांनी मोजलं. त्याला तिथं गाठायचं, कमरेत धरायचं आणि कठड्यावरून खाली. एवढंच. फार सोपं होतं.

"बघ," मैत्री म्हणाली. "हेच. तुझे हात बघ."

त्यानं बघितलं. मुठी वळल्या होत्या.

"तू त्याला मारलं ना दादा, तर ही गोष्ट तुझी होऊन जाईल. पोलीस तुला नेतील. तो दवाखान्यात फुलं घेऊन पडून राहील आणि हे सगळे म्हणतील, गजभिये तापटच, त्या लोकांचं असंच असते. माझ्यावर कोणी विश्वास नाही ठेवणार. आज काहीही होऊ दे. काहीही. तू हात उचलायचा नाही."

"तू काय करणार आहेस?"

"ते नको विचारू. शील घे माझ्यासमोर."

आणि तिथं, आइस्क्रीम खाणाऱ्या टूरिस्टांच्या गर्दीत, भूषणनं हात जोडून पहिलं शील म्हटलं, जीवहिंसा न करण्याचं. दर रविवारी म्हणायचा तेच.

दुपारी ओहोटी लागली. पाणी लांब गेलं आणि ओल्या, टणक वाळूचा पट्टा मोकळा झाला. प्रतिमाकाकूंनी काठीनं रेघा ओढल्या, संघ पाडले. मैत्री आणि भूषण एकीकडे, परीक्षित आणि उपासना दुसरीकडे. मैत्रीला खेळू नको म्हणून भूषणनं खुणावलं. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि त्याच्याकडे बघितलंच नाही.

परीक्षितनं चढाईत पहिल्यांदा भूषणलाच टिपलं. खरं म्हणजे भूषण जागचा हललाच नाही. त्या माणसाच्या अंगाला अंग लागलं असतं तर आपलं काय झालं असतं, याची त्याला खात्री नव्हती. बाद होऊन तो कडेच्या खडकावर जाऊन बसला. ते खडक पांढऱ्या, टोकदार शंखांनी भरलेले होते, बसायलासुद्धा टोचत होते. अनया शेजारी येऊन बसली.

"बाबा, यू आर सो बॅड ॲट धिस," ती म्हणाली.

खेळ रंगला. परीक्षित चढाई करी, कुणालातरी शिवून हसत परत येई आणि टाळ्या घेई. समोर फक्त मैत्री आणि प्रसाद उरले. प्रसाद म्हणजे डोंबिवलीचा धिप्पाड सॉफ्टवेअरवाला, पण गुडघ्यांनी अधू. परीक्षित परत आला. "कबड्डी कबड्डी कबड्डी," बायकोभोवती रिंगण घालत, कडेच्या लोकांना डोळे मारत. मैत्री वाकून मागं मागं सरकत होती. भूषणनंच तिला शिकवलं होतं हे, इंदोऱ्याच्या अंगणात, ती फ्रॉकमध्ये असताना. चढाईवाल्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. पायांकडे बघायचं.

परीक्षितनं तिला शिवायला पाय लांबवला आणि मैत्रीनं उडी घातली. दोन्ही हातांनी घोटा धरला, छातीखाली घेतला आणि त्यावर पडली. मोडक्या बरगडीवर. भूषणला तिची किंकाळी ऐकू आली. बाकीच्यांना तो खेळातला ओरडा वाटला. परीक्षित तोंडावर आपटला. मध्यरेषेकडे हातांनी वाळू ओरबाडत त्यानं तिला फरफटत नेलं, मोकळ्या पायाची टाच तिच्या खांद्यावर हाणली, एकदा, परत एकदा. हे लोक टाळ्या पिटत होते. "धर, धर! सोडू नको!" मैत्रीनं सोडलं नाही. परीक्षितचा दम तुटला. काकूंनी शिट्टी वाजवली.

आणि मग जो काय दंगा! "बायकोनं धरलं रे! बायकोनं लोळवलं!" "परीक्षितराव, आजपासून भांडी पर्मनंट तुमच्याकडे!" पोरं नाचायला लागली. कुणी मोबाइल घेऊन पुढं धावला. परीक्षितही हसला. वाळू झटकत बसता झाला, लोकांकडे बघून हसला. पण मैत्री घोटा सोडेना. तशीच पालथी पडून तिनं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बस? एवढाच दम?"

हशा फुटला. परीक्षितचा चेहरा एकदम कोरा झाला.

पहिली थप्पड अशी बसली की मैत्रीचं डोकं वाळूवर आदळलं. हसणारे अजून हसतच होते, त्यांना समजायला वेळ लागला. मग मूठ, नाकावर. रक्त वाळूत उडालं. मग तो उठला, घोटा हिसकून सोडवला आणि लाथ घातली. उजव्या बरगडीवर. नेमकी तिथंच. शोधावं लागलं नाही, त्याला जागा माहीत होती. मैत्री गुरासारखी ओरडली. त्यानं पुन्हा पाय मागं घेतला, पुन्हा तिथंच. "मला? लोकांसमोर मला?" असं काहीतरी दातओठ खात बोलत होता. त्याचं ते हसरं तोंड कुठं गेलं होतं कोण जाणे.

भूषणचे दोन्ही तळहात खडकावर होते. तो उठला नाही. उठणार नाही म्हणून त्यानं खडकाला धरलं, एकेकाळी त्या पोराच्या कमरेला धरलं होतं तसं. शंखांच्या कडा तळव्यात शिरल्या. त्यानं आणखी दाबलं. सोडलं असतं तर पुढच्या क्षणी परीक्षितचा गळा त्याच्या हातात असता, आणि या वेळी ती बोटं कुणालाही उकलता आली नसती.

आणि बाकीचे? काय सांगावं! एक जण पाण्याकडे बघायला लागला. दोन बायकांनी पोरांचे डोळे झाकून पाठ फिरवली. कुणीतरी म्हणालं, "अरे यार, परीक्षित, इझी, इझी." बायको मार खातेय आणि हे इझी!

तेव्हा भूषण बसल्या जागेवरून गरजला. "तोंड फिरवू नका! कोणी तोंड फिरवायचं नाही! बघा! नीट बघा!"

तो आवाज इंदोऱ्याचा होता. सगळा किनारा वळला. उपासना धावली आणि मैत्रीवर आडवी पडली. प्रसाद लंगडत आला आणि त्यानं परीक्षितला मागून कवळ्यात घेऊन उचलून बाजूला नेलं. काकूंची शिट्टी तोंडातून गळून पडली होती.

परीक्षितला भान आलं. त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला काय झालंय ते कळलं. पण माणूस किती हुशार बघा. त्यानं स्वतःला सोडवून घेतलं आणि सरळ भूषणकडे चालत आला. आता त्याला एकच वाट होती. दुसऱ्या कुणीतरी हात उचलायला हवा होता.

"ये ना," तो भूषणच्या तोंडाशी येऊन म्हणाला. "बहिणीचा भाऊ ना तू? मार ना. दुसरं काय येतं तुम्हा लोकांना?" आणि मग तो शब्द म्हणाला. मध्यरेषेवरचा तोच. इतकी वर्षं घरात येऊन जेवला, वंदनेला मांडी घालून बसला, गिरजाबाईला आई म्हणाला, आणि शब्द आपला जिभेखालीच ठेवलेला.

अनया बापाकडे बघत होती. खडकावरून खाली रक्त ओघळायला लागलं होतं. वाळूत उपासनाच्या कुशीत पडलेली मैत्री एका उघड्या डोळ्यानं भावाकडे बघत होती. त्याला आता तेवढाच डोळा दिसत होता.

"मी नाही मारणार," भूषण म्हणाला. "तू खरा कसा आहेस ते सगळ्यांनी बघायला हवं होतं. बघितलं."

"जाऊ दे रे यार," मागून कुणीतरी पुटपुटलं. "इथल्या इथं मिटवा. पोलीस-बिलीस नको. उगाच त्याच्या करिअरची वाट लागेल."

"चूप!" प्रतिमाकाकू ओरडल्या. आयुष्यभर वर्ग गप्प केलेली बाई ती, पण आज आवाज फाटला. "मला सांगितलं होतं पोरीनं. मला! आणि मी जाऊन त्यालाच..." त्यांनी फोन लावला आणि मोडक्यातोडक्या नव्हे, शाळेतल्या कडक इंग्रजीत, काय झालं, कुणी केलं, कुठं लाथा मारल्या, ते सांगितलं. परीक्षित गाडीकडे निघाला तर प्रसाद गाडीच्या दारासमोर जाऊन उभा राहिला. अधू गुडघ्यांनी, पण उभा राहिला.

पोलीस आले, ॲम्ब्युलन्स आली. परीक्षितनं हसायला सुरुवात केली होती, गेममध्ये झालं म्हणाला, पण ज्या मोबाइलवर गंमत म्हणून शूटिंग चाललं होतं त्यातच सगळं निघालं. एक पोलीस भूषणजवळ आला. रक्तानं भरलेले हात बघून तो दचकला आणि त्याची नजर बदलली. त्यानं भूषणला हात पुढं करायला सांगितले. आधी पालथे करून बोटांची पेरं बघितली. मारल्याचा एक ओरखडासुद्धा नव्हता. मग हात उताणे केले आणि "जीझस" म्हणाला. परीक्षितला बेड्या घालून नेलं. ज्यांच्या खांद्यावर हात टाकून तो फोटो काढून घ्यायचा, ते सगळे बुटांतली वाळू झटकत बसले होते.

मैत्रीच्या बरगड्या बांधून झाल्या, नाकाला टाके पडले. भूषणचे तळवे धुऊन त्यातले शंखांचे तुकडे डॉक्टरनं चिमट्यानं काढले आणि दोन्ही हातांना जाड बँडेज गुंडाळली. दुसऱ्या दिवशी उपासना गाडी चालवत होती. भूषण आणि मैत्री मागं, अनया पुढं. बाहेर तीच दगडी कुंपणं, तीच लाल कोठारं. कुणी बघत नव्हतं.

"वर्षभर मला सांगितलं नाहीस," भूषण शेवटी म्हणाला. "एवढी भीती घातली होती का त्यानं?"

मैत्रीचा ओठ सुजला होता, शब्द जड येत होते. "त्याची नाही, दादा."

"मग?"

"मी पलंगाखाली होती. आठवते ना? बाबा पडल्यावर आई तुझे पाय धरून राहिली होती, आणि तू पट्टा मारतच होता. थांबतच नव्हता." "तुला सांगितलं तर तू त्याला जिवे मारशील, मग तुला नेतील, आणि हे माझ्यापायी होईल. रोज वाटायचं, सांगू. मग तो पट्टा दिसायचा. त्याच्यापेक्षा तुझीच भीती जास्त होती मला."

भूषणला वाटलं, त्या शंखांनी तळवे फाडले ते काहीच नव्हतं. इतकी वर्षं तो समजत होता की त्या संध्याकाळी आपण या पोरीला वाचवलं. तो रडायला लागला. आवाज न करता नाही, चांगला हुंदके देऊन, आणि डोळे पुसायला हात कामाचे नव्हते.

पुढं एका पेट्रोल पंपावर उपासनानं गाडी थांबवली आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेऊन आली. ज्याला त्याला एकेक पुडा. भूषणला तो धरता येईना. बँडेजमधून बोटं वळतच नव्हती. पुडा मांडीवर कलंडला.

मैत्रीनं स्वतःचा पुडा बाजूला ठेवला. भावाचा उचलून आपल्या मांडीवर घेतला. एक फोड त्याच्या तोंडात घातली, दुसरी आपल्या सुजलेल्या ओठांतून हळूच आत सरकवली. मग पुन्हा एक त्याला, एक स्वतःला, त्याच पुड्यातून, संपेपर्यंत.